न मोडणारी हाडं

आमच्या अण्णाचं हाड आयुष्यात कधी मोडलं नाही. लहानपणी तो उसाच्या ट्रॉलीवरून डांबरी रस्त्यावर पडला, तेही डोक्यावर. ट्रॅक्टरवाला पांढराफटक पडला आणि हा चड्डी झाडत घरी आला. अव्वानं हळद लावली, अप्पांनी दोन शिव्या हासडल्या, विषय संपला. गल्लीत मात्र महिनाभर एकच चेष्टा चालली होती: "पोराला काय झालं न्हाय, पण रस्त्याला खड्डा पडलाय म्हणं!" आम्हाला त्याचा अभिमानच वाटायचा. रुंद जबडा, पुढं आलेलं कपाळ, जड डोकं. तालमीची पायरी न चढताही आमच्या गावात, गडमुडशिंगीत, त्याला सगळे पैलवान म्हणायचे.

अप्पांचं मूळ गाव कर्नाटकाच्या हद्दीतलं. म्हणून आमच्या घरात वडील म्हणजे अप्पा, आई म्हणजे अव्वा आणि थोरला भाऊ म्हणजे अण्णा. घराच्या पुढच्या खोलीत अप्पांचं किराणा दुकान होतं. अण्णा माझ्याहून सहा वर्षांनी मोठा, आणि आम्ही दोघंच.

तो सातवीत असताना एका सकाळी त्याचं तोंड वाकडं झालं. डावा डोळा मिटेना, पाणी प्यालं की कोपऱ्यातून गळायचं. वारं लागलं म्हणून अव्वानं जायफळ उगाळून लावलं, कानाला फडकं बांधलं. महिना-दीड महिन्यात बरंचसं सरळ झालं, पण तेव्हापासून तो हसला की अर्धाच हसायचा. पुढं दाढ किडली म्हणून कोल्हापुरात नेला, तर दातांचे डॉक्टर घामाघूम. चिमटा टेबलावर टाकून म्हणाले, "पावणं, ही दाढ हाय का भिंतीतली खुंटी?" आम्ही घरी येऊन हसलो. जबड्याचं हाड एवढं घट्ट का, असा प्रश्न आम्हाला पडला नाही.

शाळा सोडून तो शिरोली एमआयडीसीत एका फौंड्रीत लागला. ओतून निघालेल्या लोखंडी मालाचे काठ ग्राइंडर मारून साफ करायचे, हे त्याचं काम. दिवसभर कान फाडणारा आवाज. तिथली माणसं घरी आली तरी ओरडूनच बोलतात आणि एकमेकांचं बोलणं ओठ बघून ओळखतात. त्यामुळं अण्णाला कमी ऐकू यायला लागलं तेव्हा घरात कुणी दचकलं नाही. फौंड्रीतला गडी बहिरा होणारच, त्यात काय एवढं! मला आज त्या सगळ्या कारणांचा राग येतो. आमच्याकडं प्रत्येक गोष्टीला कारण तयार असायचं, आणि कारण सापडलं की आम्ही जेवून झोपायचो.

मग डोकं दुखायला लागलं. सकाळी उठल्या उठल्या तो कपाळ धरून बसायचा, कधी कधी ओकायचा. अव्वा म्हणायची पित्त आहे. एकदा मला म्हणाला, "वाकून उठलं की दिवं जात्यात बघ. दोन-तीन सेकंद. मग परत येत्यात." मी म्हटलं, "चष्मा लागला असंल." तेव्हा मी बी. कॉम.च्या शेवटच्या वर्षाला होते आणि माझी सुपारी फुटली होती. मुलगा गडहिंग्लजचा, कापडाचं दुकान, माणसं आमच्यातलीच पण नात्यातली नव्हेत. माझं डोकं दुसरीकडं होतं, हे मी झाकून ठेवत नाही.

एके दिवशी कामावर असेच दिवे गेले आणि ग्राइंडर मांडीवर घसरला. जखम मोठी नव्हती, पण सुपरवायझरनं हात जोडले. डोळे तपासून आल्याशिवाय मशीनला हात लावायचा नाही म्हणाला. कोल्हापूरच्या डोळ्यांच्या डॉक्टरांनी बॅटरी लावून आत बघितलं, बराच वेळ बघितलं आणि मिरजेच्या मेंदूच्या डॉक्टरांना चिठ्ठी लिहिली.

मिरजेला आम्ही तिघं गेलो. अप्पा, अण्णा आणि मी. अण्णाला ऐकू येत नाही आणि अप्पा डॉक्टरांपुढं गडबडतात, म्हणून मी. डॉक्टरांनी स्कॅनचे फोटो उजेडावर लावले. कवटी पांढरीधोट आणि जाड, बोटाएवढी. ते अण्णाच्या तोंडासमोर तोंड धरून, सावकाश बोलत होते. त्यांनी लांबलचक नाव सांगितलं आणि मग नाव सोडून देऊन सरळ मराठीत आले. या आजारात हाड वाढतच राहतं. मोडत नाही, पण थांबतही नाही. कवटीच्या तळाशी बारीक भोकं असतात. त्यातून नसा बाहेर पडतात, रक्त आत जातं आणि बाहेर येतं. हाड वाढलं की ती भोकं बुजत जातात. तोंडाची नस चिमटली तेव्हा तोंड वाकडं झालं. कानाची चिमटली तेव्हा ऐकू येईना. आता डोक्यातलं रक्त बाहेर नेणारी वाट आवळत आली आहे.

"मोरीत बोळा अडकला की पाणी तुंबतं ना, तसं आत तुंबलंय," ते म्हणाले. "त्या दाबानं डोळ्यांच्या नसा सुजल्यात. सुजलेली नस वाचवता येते. सुकलेली नाही."

जायफळ, पित्त, फौंड्रीचा आवाज, सगळं पाच मिनिटांत खोटं ठरलं. मला रडू यायला हवं होतं. मी भिंतीवरच्या कॅलेंडरकडं बघत होते, त्यावर एका औषधाचं चित्र होतं, ते अजून आठवतं.

डॉक्टरांनी विचारलं, "आई-वडील नात्यातले का?"

"व्हय," अप्पा म्हणाले. "माझ्या थोरल्या बहिणीचीच लेक केलीया." आमच्यात ते रीतीचंच. मामानं भाचीला मागायचं आणि बहिणीनं आनंदानं द्यायची. डॉक्टर रागावले नाहीत. "अशा घरात हा आजार दिसतो कधी कधी," एवढंच म्हणाले. माझं कपाळ, जबडा, बोटं बघितली आणि मला तो नाही म्हणाले. अप्पांचा चेहरा मात्र त्या एका वाक्यानं काळाठिक्कर पडला.

उपाय एकच होता. कवटीचा एक तुकडा काढून मेंदूला जागा करून द्यायची. त्यात रक्त जाण्याचा धोका होता, जिवाचाही होता. तोवर दाब उतरायच्या गोळ्या. "पण गोळ्यांच्या भरवशावर चार आठवडे. त्याच्या पुढं थांबलात तर नजर जाईल, आणि गेलेली नजर मी परत आणू शकणार नाही."

माझं लग्न नऊ आठवड्यांवर होतं.

येताना एसटीत अण्णा माझ्या शेजारी बसला होता. मध्येच म्हणाला, "चार आठवडं म्हणाला न्हवं?" बहिऱ्या माणसाला स्वतःचा आवाज कळत नाही. अख्खी गाडी वळून बघायला लागली. पुढच्या सीटवरून अप्पांनी मान वळवून तोंडावर बोट ठेवलं. मी त्याच्या हाताला चिमटा काढला, "हळू बोल की."

"हळूच बोलतोय की!" तो आणखी जोरात म्हणाला.

घरी आल्यावर अप्पांनी दुकानाचं दार ओढून घेतलं आणि निकाल दिला. लग्न होऊ दे, मग दुसऱ्याच आठवड्यात नेतो. आत्ता डोकं भादरून पोरगा घरात बसवला तर चार पावणे येणार, विचारणार. काय सांगायचं? नात्यात लग्न केलं म्हणून रक्तात खोट निघाली? तिकडं गडहिंग्लजला कळलं तर पोरीचं लग्न गेलंच म्हणून समजा, आणि परत कुणी दारात उभं राहणार नाही.

"आणि नजर गेली म्हंजे?" अव्वा म्हणाली.

"डाक्टर लोक वाढवूनच सांगत्यात. गोळ्या दिल्यात की."

अण्णा भिंतीला टेकून बसला होता आणि एकेकाचे ओठ बघत होता. आधी अप्पांचे, मग अव्वाचे. मग माझ्याकडं बघितलं. मी वाळलेल्या कपड्यांच्या घड्या घालत होते. मी घड्या घालतच राहिले. तिथं बोलायला पाहिजे होतं, मला अक्षर न् अक्षर माहीत होतं, डॉक्टर माझ्यासमोर बोलले होते. पण मला ते लग्न पाहिजे होतं. मुलगा मला आवडला होता. तोंडात मिठाची गुळणी धरून बसले, आणि ती गुळणी नऊ आठवडे टिकली.

त्या दिवसांचं मला फार काही आठवत नाही. साड्या आठवतात. बांगड्या भरायला आलेली कासारीण आठवते. अण्णा गोळ्या घ्यायचा आणि बोटांना मुंग्या येतात म्हणून हात चोळत बसायचा. चार आठवडे संपले त्या दिवशी मी बोटांवर मोजलं होतं, हेही आठवतं. त्या दिवशी घरात कुणी काही बोललं नाही. पाचव्या, सहाव्या आठवड्यात तो चालताना दाराच्या चौकटीला खांदा धडकवायला लागला. समोरचं दिसायचं, कडेचं जायला लागलं होतं. अव्वा त्याच्या पुढं पुढं चालायची आणि पाट, तांब्या, बादली बाजूला सरकवायची.

मांडवात लग्न लावणाऱ्या जंगमांनी मंत्र सुरू करायच्या आधी अण्णा अक्षतांची परात घेऊन येत होता. कडेचा बाक त्याला दिसला नाही. परात उडाली, तांदूळ सगळीकडं, आणि तो दोन्ही गुडघ्यांवर. नवऱ्याकडचा एक म्हातारा म्हणाला, "प्यालाय काय रं ह्यो?" आमच्यात दारू म्हणजे केवढी नामुष्की! अण्णानं तर कधी वाससुद्धा घेतलेला नाही. अप्पा पुढं आले. मला वाटलं, आता सांगतील. अप्पांनी सगळ्यांदेखत त्याच्या पाठीत धपाटा घातला आणि ओरडले, "लाज वाटत न्हाय? बहिणीच्या लग्नात पिऊन आलास?"

आजारी पोरापेक्षा दारुडा पोरगा परवडला, असा तो हिशेब होता. अण्णानं अप्पांचे ओठ वाचले. खाली बसून हातानं चाचपत तांदूळ गोळा करायला लागला. मी दहा पावलांवर होते. मी नवरी, मी उठून कशी जाणार, असं मी तेव्हा स्वतःला सांगितलं. खरं तर मला काहीच वाटत नव्हतं. अंग बधिर झालं होतं, आणि ते पुढं कितीतरी वर्षं तसंच राहिलं.

दहाव्या आठवड्यात ऑपरेशन झालं. हाड इतकं कडक की अवजारं बदलत बदलत सहा तास गेले, असं अव्वानं सांगितलं. मी सासरी होते. शेजारच्या दुकानात फोन आला, तो वाचला म्हणून. डोकेदुखी त्या दिवसापासून गेली. नजर आली नाही. उजव्या डोळ्याला काहीच नाही, डाव्याला उजेड आणि अंधार एवढाच फरक. डॉक्टरांनी अप्पांना एकच विचारलं, एवढे दिवस कुठं होता? आता कुणाचेच ओठ दिसेनात, त्यामुळं अण्णाला माणसांचं बोलणंही गेलं. डाव्या कानाशी तोंड नेऊन ओरडलं तर थोडं कळायचं.

पुढं सात-आठ वर्षं अशीच गेली. दुकानात तो पुड्या बांधायचा. रवा, साखर, पोहे, सगळं बोटांना कळायचं. मी सणावाराला जायचे, त्याच्या कानाशी ओरडायचे, "जेवलास काय?" तो म्हणायचा, "जेवलो. तू?" की झालं. भाऊ-बहिणीचं बोलणं एवढंच उरलं होतं आणि मला ते पुरत होतं, कारण त्यापुढं मला जायचंच नव्हतं. अप्पा गेले. जाईपर्यंत त्यांनी त्या नऊ आठवड्यांचं नाव काढलं नाही. मीही काढलं नाही.

मग माझी धाकटी मुलगी झोपाळ्यावरून पडली आणि तिचा हात मोडला. मनगटाच्या वर, कटकन. पोरगी किंचाळतेय, हात लोंबतोय, आणि मी तिला उराशी धरून हसतेय. मला हसू आवरेना. मोडलं! माझ्या लेकीचं हाड मोडलं! प्लास्टर घालून घरी आणली तरी मी तिच्या त्या हाताकडं बघून गालात हसत होते. माझ्या सासूबाई, त्यांना मी अत्ती म्हणते, हे सगळं बघत होत्या. मुलगी झोपल्यावर त्या माझ्याजवळ येऊन बसल्या.

"कशाला हसतीयास ते मला कळतंय," त्या म्हणाल्या. "तुझा भाऊ येऊन सगळं सांगून गेलता. कवटीचं, हाडाचं, आईबापाच्या नात्याचं. लगीन व्हायच्या आधी."

माझ्या हातात मुलीचं दूध होतं. मी ते खाली ठेवलं.

अत्तींनी सांगितलं ते असं. मिरजेहून आल्यावर आठच दिवसांत अण्णा एकटा एसटीनं गडहिंग्लजला आला होता. बैठकीत बसून, सगळ्या गल्लीला ऐकू जाईल अशा आवाजात त्यानं सांगितलं, की मला असा असा आजार आहे, अप्पा तुमच्यापासून लपवत आहेत, तुमचं तुम्ही ठरवा. माझे सासरे भले माणूस. त्यांनी पाटीवर लिहून दाखवलं, पोरीला आजार नाही ना, मग आमचं काही म्हणणं नाही. वर हेही लिहिलं, की आम्हाला कळलंय हे तुमच्या अप्पांना सांगू नका. पोरीचा बाप आहे, त्यांचा मान राहू दे.

"मग मांडवात त्यो प्याला न्हाय हे तुम्हाला ठाऊक होतं?" मी विचारलं.

"व्हय की. पण तुझं अप्पाच पिलाय म्हणाले, मग आम्ही त्यांना खोटं पाडायचं व्हय?"

म्हणजे अप्पा लपवत होते, आणि ज्यांच्यापासून लपवत होते त्यांना सगळं ठाऊक होतं, आणि ते अप्पांचा मान राखायला गप्प होते. आम्ही लपवत बसलो, त्यांनी मान राखला, आणि त्यात चार आठवड्यांचे नऊ झाले. कुणाला कशाची अडचणच नव्हती. पहिल्याच आठवड्यात डोकं भादरून त्याला टेबलावर झोपवता आलं असतं.

दुसऱ्या दिवशी मी पहिल्या एसटीनं निघाले. अण्णा दुकानात पोत्याला टेकून कागदाचे तुकडे करत बसला होता. अव्वा आत भाकरी थापत होती. त्याच्याशी गुपचूप काही बोलायची सोयच नाही. मी डाव्या कानाशी तोंड नेलं आणि ओरडले, "अण्णा, लग्नाआधी तू गडहिंग्लजला गेलतास?"

आतला भाकरीचा आवाज थांबला.

"व्हय," तो म्हणाला.

"खोटं बोलून लग्न नको, म्हणून सांगायला गेलतास?"

"न्हाय. मोडावं म्हणून गेलतो."

मला वाटलं मी चुकीचं ऐकलं. तो कागद दुमडत सावकाश, मोठ्यानं बोलत राहिला. "मला डोळं पायजे हुतं. तुझं लगीन मोडलं तर अप्पांना लपवायला काय उरत न्हाय, मग मला मिरजेला नेतील, असा इचार केलता. तर ती माणसं चांगली निघाली. चहा दिला, चिवडा दिला, लिवून दाखवलं. काय करणार?"

"मग घरी येऊन सांगायचं की त्यांना ठाऊक हाय म्हणून!"

"कसं सांगू? तिकडं कशाला गेलतास म्हणून इचारलं असतं. बहिणीचं लगीन मोडाय गेलतो, हे अप्पांना कुठल्या तोंडानं सांगू? तुला कुठल्या तोंडानं सांगू?"

रस्त्यावरून जाणारी दोन माणसं दुकानासमोर थांबली होती. थांबू देत. इतकी वर्षं जे पोटात होतं ते मला आता हळू सांगताच येणार नव्हतं. मी त्याचं डोकं दोन्ही हातांनी धरलं. त्या कवटीला मी कधी हात लावला नव्हता. काढलेल्या तुकड्याच्या जागी थोडा खड्डा होता, बाकी सगळं धोंड्यासारखं. मी त्याच्या कानात जीव खाऊन ओरडले, "मला चार आठवडं ठाऊक होतं! मी बोलले न्हाय! मला लग्न पायजे होतं! माझ्यामुळं तुझं डोळं गेलं!"

त्यानं हातातला कागद खाली ठेवला. मला वाटलं, आता म्हणेल, नाही गं, नशिबात होतं. सगळे तेच म्हणतात.

"व्हय," तो म्हणाला. "तुझ्यामुळंबी."

मी तिथंच शेंगदाण्याच्या पोत्यावर बसले आणि मला रडू फुटलं. आठ वर्षांनी. अव्वा पिठाच्या हातानं दारात येऊन उभी होती, पण तिच्यानं पुढं येववलं नाही. अण्णाला यातलं काही दिसत नव्हतं की ऐकू येत नव्हतं. तो मान जरा तिरकी करून, मी अजून आहे का गेले याचा अंदाज घेत होता. मग मीच त्याचा हात धरला आणि माझ्या तोंडावर ठेवला. त्याची बोटं माझ्या गालावरून फिरली, डोळ्यांपाशी ओलं लागल्यावर थांबली.

"रडतीस व्हय?" तो म्हणाला. "मग रड की."

आणि हात काढला नाही.